विश्लेषण : सह्याद्रीतल्या मुंगीला ‘किर्बी’ हे नाव कसे मिळाले? कोण होते कर्नल सायक्स?

पश्चिम घाटात फिरणाऱ्यांनी झाडाच्या फांदीला चिकटलेला, फुटबॉलएवढा तपकिरी गोळा पाहिलेला असतो. मातीचे वारूळ वाटावे असा हा गोळा म्हणजे ‘क्रेमॅटोगॅस्टर’ गटातील मुंग्यांचे घर. पॅगोडासारखे थर असल्याने या मुंगीला ‘पॅगोडा मुंगी’ म्हणतात. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नाव आहे ‘क्रेमॅटोगॅस्टर किर्बी’, आणि त्यापुढे कंसात लिहिले जाते : सायक्स, १८३५. हे सायक्स कीटकशास्त्रज्ञ नव्हते. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील लेफ्टनंट कर्नल होते.

सैनिक मुंग्यांकडे कसा वळला?

विल्यम हेन्री सायक्स यांचा जन्म १७९०चा. किशोरवयातच ते कंपनीच्या फौजेत दाखल झाले. पेशवाई बुडवणाऱ्या १८१७च्या खडकी व पुण्याच्या लढायांत ते कंपनीच्या बाजूने होते. मुलूख जिंकला, पण त्यात आहे काय, हे कंपनीला ठाऊक नव्हते. म्हणून मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४मध्ये सायक्स यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यास नेमले. गावे, माणसे, जमीनधारा, पिके, हवामान अशा सगळ्याची नोंद करायची होती. सायक्स यांनी त्यात पशुपक्षी, मासे आणि कीटकही घेतले. ढोकरी बगळा आणि दख्खनचा कोळसुंदा यांचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच. १८२९च्या अखेरीस काटकसर म्हणून हे पद रद्द झाले, तरी सायक्स यांनी मागे राहून १८३१च्या आरंभी अहवाल पुरे केले आणि मगच मायदेशी गेले.

युरोपचा वाद काय होता?

मुंगी धान्य साठवते, हे इसापच्या गोष्टीत आहे, बायबलमध्ये आहे, आपल्याकडेही सर्वांना माहीत आहे. मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपच्या अभ्यासकांनी ही भाकडकथा ठरवली होती. इंग्लंडचे विल्यम गूल्ड आणि स्वित्झर्लंडचे पिएर ह्यूबर यांनी मुंग्यांची घरे वर्षानुवर्षे पाहिली; कोठार कुठेच सापडले नाही. थंड प्रदेशातील मुंग्या हिवाळ्यात निपचित पडून राहतात, त्यांना साठ्याची गरजच नसते. मग जुन्यांना दिसले ते काय? मुंग्या तोंडात धरून नेतात ते त्यांचे पांढुरके कोश, लोकांना ते दाणे वाटले असावेत, असे उत्तर ठरून गेले. त्यांचे निरीक्षण चूक नव्हते. ते उत्तरेकडच्या मुंग्यांपुरते होते, एवढेच.

१९ जून १८२९ रोजी पुण्यात काय दिसले?

पावसाळा नुकताच लागला होता. सकाळी फिरताना सायक्स यांना कवायतीच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग साधारण मूठभर, आणि असे ढीग विसाहून अधिक. वरई ज्या गटात मोडते त्या ‘पॅनिकम’ गवताचे ते बी होते आणि शेकडो मुंग्या ते जमिनीखालून वर आणत होत्या. पहिल्या पावसाने कोठार भिजले असावे आणि उघडीप मिळताच मुंग्यांनी धान्य उन्हात घातले असावे, असा सायक्स यांचा तर्क होता. हे गवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकते, म्हणजे साठा काही महिन्यांचा होता.

युरोपचे पंडित याला हरकत घेणार, हे सायक्स जाणून होते. म्हणून आपण कोशांनाच तर बी समजत नाही ना, याची त्यांनी मुद्दाम खात्री केली. पुढे १३ ऑक्टोबरला परतीच्या वादळी पावसानंतर तेच दृश्य पुन्हा दिसले, तेव्हा तारखेसह त्याचीही नोंद झाली. या मुंगीला त्यांनी ‘प्रॉव्हिडन्स’, म्हणजे पुढची तरतूद करणारी, असे नाव दिले.

दुसऱ्या जातीला ‘इंडेफेसा’, अर्थात न थकणारी, हे नाव मिळाले ते चिकाटीमुळे. सायक्स यांच्या पुण्यातील घरी मिठाईच्या मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. मुंग्यांनी पाणी ओलांडले. मेज भिंतीपासून दूर सरकवले, तर मुंग्या भिंतीवर वर चढून नेमक्या मिठाईवर खाली पडू लागल्या. घरातल्या मुंग्यांशी झुंजलेल्या कोणालाही हे पटेल!

मग किर्बी कोण?

तिसरी जात जंगलातली. घाटांतल्या झाडांवरील तिचे घर सायक्स यांनी बारकाईने पाहिले. पातळ पापुद्रे कौलांसारखे एकावर एक बसवलेले, मधे कमानीसारखी दारे आणि माथ्यावर पाऊस अडवणारा एकसंध पापुद्रा, टोपीसारखा. हे पापुद्रे शेणाचे असल्याचे त्यांनी लिहिले. या गटातील मुंग्या एरवी वनस्पतींचे तंतू चावून केलेला लगदा वापरतात. (तांबूस सुतार पक्षी अशाच जिवंत घरात पोखरून स्वतःचे घरटे करतो.)

नाव दिले ते विल्यम किर्बी या इंग्रज पाद्री कीटकशास्त्रज्ञाचे. ही निवड केवळ आदरापोटी असेलही, पण ती समर्पक होती. किर्बी आणि स्पेन्स यांच्या प्रसिद्ध ग्रंथात युरोपच्या मुंग्या साठा करत नाहीत हे मान्य केले होते. उष्ण देशांतील मुंग्यांबाबत मात्र घाईने नकार देऊ नये, अशी भूमिका होती. लंडनच्या एन्टोमॉलॉजिकल सोसायटीच्या पहिल्याच खंडात सायक्स यांचा लेख आला.

नावापुढे कंस कशासाठी?

सायक्स यांनी किर्बीला ‘मिर्मिका’ गटात टाकले होते. नंतर ती ‘क्रेमॅटोगॅस्टर’मध्ये गेली. गट बदलला की प्रथम वर्णन करणाऱ्याचे नाव कंसात जाते, असा नियम आहे. ‘प्रॉव्हिडन्स’ही ‘अट्टा’ गटातून ‘फिडोल’मध्ये आली, ‘अट्टा’ आज अमेरिकेतल्या पाने कापणाऱ्या मुंग्यांचे नाव आहे. मुंग्यांची वर्गवारी सायक्स यांना फारशी साधली नव्हती, त्यांचे बळ होते ते जागा, तारीख आणि वर्तन टिपण्यात.

पुढे काय झाले?

सायक्स कंपनीचे संचालक व नंतर अध्यक्ष झाले, १८५७पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे खासदार होते. दाणे साठवणाऱ्या मुंग्यांना दुजोरा दिला तो मद्रास फौजेतील डॉक्टर व पक्षितज्ज्ञ थॉमस जर्डन यांनी, १८५१मध्ये. तरीही युरोपातील शंका पूर्ण फिटली ती १८७३मध्ये, जॉन मॉग्रिज यांनी दक्षिण फ्रान्समधील मुंग्यांची कोठारे खणून दाखवली तेव्हा. जर्डन १२ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वारले होते आणि सायक्स त्यानंतर चारच दिवसांनी, त्याच शहरात.