जिंकलेली खिंड परत देताना

लालबहादूर शास्त्री म्हटलं की आपल्या आयांना आठवतो तो सोमवारी रात्रीचा उपास. मला मात्र ते आठवतात ताश्कंदमध्ये, सही करून आल्यावर घरी फोन लावणारे.

१९०४ चा त्यांचा जन्म, मुगलसरायचा. दीड वर्षाचे असताना वडील गेले. आई रामदुलारीदेवींनी माहेरच्या आधाराने वाढवलं. १९२८ मध्ये ललितादेवींशी लग्न झालं, तेव्हा हुंडा घेतला तो एक चरखा आणि थोडी खादी. (असा जावई आज शोधून दाखवा!) १९५६ मध्ये रेल्वे अपघाताची जबाबदारी घेऊन मंत्रिपद सोडलं. जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि पुढच्याच वर्षी युद्ध आलं.

२८ ऑगस्ट १९६५ ला आपल्या जवानांनी हाजीपीर खिंड घेतली. उरी आणि पूंछला जोडणारी ही वाट. घुसखोर याच बाजूने येत होते. पुढे आपलं सैन्य लाहोरच्या वेशीपर्यंत गेलं. पण पंजाबातलं आपलं खेमकरण आणि जम्मूतलं छंब त्यांच्या ताब्यात गेलं, हे आपण विसरतो. लोकांना घरंदारं टाकून निघावं लागलं. २३ सप्टेंबरला बंदुका थांबल्या, तरी दोन्हीकडची गावं लष्कराच्याच हातात. जिथे फौज बसलेली, तिथे पेरणी कोण करणार?

१० जानेवारी १९६६ ला ताश्कंदला अयुबखानांबरोबर करार झाला. आपले यशवंतराव चव्हाणही संरक्षणमंत्री म्हणून सोबत होते. २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही फौजांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचं ठरलं. म्हणजे खेमकरण, छंब परत मिळणार आणि हाजीपीर द्यावी लागणार.

बचत गटाच्या कामानिमित्त गावोगावी जाते, तेव्हा बांधावरची भांडणं खूप बघते. दोन वीत जमीन सोडायची म्हटली तरी सख्खे भाऊ बोलेनासे होतात. ही तर जवानांच्या रक्तानं मिळवलेली खिंड होती.

त्या रात्री त्यांनी दिल्लीला घरी फोन लावला. सोबत गेलेल्या कुलदीप नय्यर यांनी पुढे लिहिलं आहे की, मुलीनं करार आवडला नसल्याचं स्पष्ट सांगितलं आणि ललितादेवी तर फोनवर आल्याच नाहीत. घरच्यांनाच पटलं नाही तर बाहेरचे काय म्हणतील, हे शास्त्रीजींच्या मनाला लागलं. मध्यरात्रीनंतर हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले, असं सांगण्यात आलं. घरच्यांच्या मनातली शंका मात्र कधीच गेली नाही.

मला विचाराल तर ललितादेवींचा राग खोटा नव्हता. ज्यांची मुलं त्या डोंगरात पडली, त्या आयांचाही नव्हता. हाजीपीर अजून पाकिस्तानकडेच आहे आणि ती द्यायला नको होती, असं म्हणणारे आजही भेटतात. पण खेमकरणच्या बाईला तिची चूल परत मिळाली, तीही त्याच सहीमुळे, ते कसं नाकारायचं?

फेब्रुवारीत फौजा मागे सरल्या. खेमकरणमध्ये पुन्हा पंजाब सरकारचा कारभार सुरू झाला, पांगलेली माणसं आपापल्या दारात परतू लागली. शास्त्रीजींना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.