वेण्णेची जेलीफिश, बंगालची जलपर्णी आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे, त्याला गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे. त्यामुळे ही संस्था समाजसुधारक आगरकरांच्या नावाची असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते.

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 रोजी मालवण येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना त्यांनी सह्याद्रीतील वनस्पती आणि प्राणी गोळा करण्यास प्रारंभ केला. या भटकंतीत सातारा परिसरातील वेण्णा नदीत त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळली. तिची प्रजाती तोपर्यंत केवळ आफ्रिकेतील जलाशयांतून ज्ञात होती. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातील नेल्सन अ‍ॅनँडेल यांनी तिला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले.

पुढे आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने आघारकरांची कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून निवड झाली. उच्च अध्ययनासाठी ते 1914 मध्ये बर्लिनला अ‍ॅडॉल्फ एंग्लर यांच्याकडे गेले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते जर्मनीच्या लेखी शत्रू ठरले व त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. तरीही वायव्य भारतातील शुष्क प्रदेशाच्या वनस्पतींवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविलीच.

कोलकात्यात परतल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा 1946 पर्यंत वाहिली. त्या काळात जलपर्णीने बंगालचे जलमार्ग आणि भातशेती व्यापून टाकली होती. 1936 मध्ये तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. ही वनस्पती मुख्यतः फुटव्यांनी पसरते. मात्र ती बीजही धरत असेल, तर पाण्यावरची झाडे उपसून भागणार नाही, कारण चिखलात पडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. आघारकर आणि त्यांचे सहकारी आय. बॅनर्जी यांनी जलपर्णीचे परागण व बीजनिर्मिती यांचा अभ्यास 1930 मध्ये प्रसिद्ध केला. वेण्णेच्या शोधाइतकी या कामाची वाच्यता होत नाही, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे होते.

कलकत्ता विद्यापीठ सोडल्यानंतर ते पुण्यात आले आणि 1946 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक संचालक झाले. वयाची साठी उलटल्यावर एक नवी प्रयोगशाळा शून्यातून उभारण्याचे काम त्यांनी 1960 मध्ये निधन होईपर्यंत केले. 1992 मध्ये या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.