हातावरची शाईची पट्टी

गेल्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा दिव्यांच्या कपाटात उभी राहिले. बीडला त्वचेच्या डॉक्टरांकडे. माणसाच्या उंचीचं कपाट, आत सगळीकडून उभ्या ट्यूबलाइटसारख्या नळ्या. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, दार लागलं, पंखा घरघरला आणि निळसर उजेड पडला. जेमतेम अर्धं मिनिट. चुलीपुढं बसल्यावर लागते तेवढीही धग लागली नाही, पण माझा रामनामाचा जप काही थांबेना.

मला कोड आहे. दोन्ही हातांवर आणि गळ्याशी पांढरे डाग. हा कुष्ठरोग नाही, स्पर्शानं पसरत नाही, आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच. मला हे कळतं. तरी सात वर्षं मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालतेय, भर उन्हाळ्यातही. हळदीकुंकवाला वाण देताना हात आपोआप पदराखाली जातो. त्यात लेकीचं लग्न जमवायचंय, म्हणून तर घरात या विषयावर सगळे दबक्या आवाजात बोलतात.

सुरुवातीला कुणाचं तरी ऐकून बावची उगाळून लावली आणि गच्चीवर उन्हात बसले. हातभर फोड आले. बावचीचं औषध जुनं आहे, खोटं नाही, पण तिला ऊन किती द्यायचं याचं माप असतं. ते मला कुठं ठाऊक होतं! तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका.

मी डॉक्टरांना विचारलं, की आपल्या बीडला उन्हाचा काय तोटा, मग पैसे देऊन हा दिवा कशाला? त्यांनी समजावलं, की उन्हात सगळ्या प्रकारचे किरण मिसळलेले असतात. या दिव्यात त्यातला एक निवडक भाग घेतात आणि तोही सेकंद मोजून देतात. हे सगळं एका आजारी माणसानं सुरू केलं, असंही ते बोलता बोलता म्हणाले. नील्स फिन्सेन त्याचं नाव. घरी आल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं.

फिन्सेनचा जन्म 15 डिसेंबर 1860 चा, डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवरचा. तिथं धुकं आणि पाऊस फार, सूर्यदर्शन कमीच. चार वर्षांचा असताना आई गेली. डेन्मार्कमधल्या शाळेत हा मुलगा ढ ठरला. मग वडिलांनी त्याला आपल्या मुलखात, आइसलँडला शिकायला धाडलं. पुढे कोपनहेगनला जाऊन 1890 मध्ये तो डॉक्टर झाला. पण विशीतच त्याला एका आजारानं गाठलं होतं. यकृत आणि हृदय हळूहळू निकामी होत होतं, पोटात पाणी साचायचं.

त्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली, ऊन येत नसे. अंगात रक्त कमी, सतत थकवा. त्याला वाटे, ऊन मिळालं तर बरं वाटेल. एकदा त्यानं खिडकीतून पाहिलं, की छपरावर एक मांजर उन्हात बसलंय आणि सावली जवळ आली की उठून पुन्हा उन्हात सरकतंय. आपणही मांजराकडे रोज बघतो. पण या माणसाच्या मनात प्रश्न आला, की उन्हात असं आहे तरी काय?

मग त्यानं स्वतःच्याच हातावर प्रयोग केला. काळ्या शाईची एक पट्टी ओढली आणि हात उन्हात धरला. शाई धुतल्यावर पट्टीखालची कातडी पांढरी राहिली होती, बाजूची लाल झाली, पुढे सावळी पडली. पुन्हा तोच हात उन्हात धरला. या वेळी पांढरी पट्टी भाजली, सावळी कातडी टिकली. म्हणजे सावळा रंग ही कातडीनं स्वतःवर धरलेली छत्री आहे! हे वाचताना मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझी छत्री जागोजागी फाटलीय, म्हणून तर बावचीच्या उन्हानं तिथं फोड आले. यात पाप कुठं आलं आणि लाज कसली?

त्या काळी कातडीचा क्षय चेहरा खाऊन टाकायचा. नाक, ओठ झडत. अशी माणसं घराबाहेर पडत नसत. 1895 मध्ये फिन्सेननं विजेच्या प्रखर दिव्याचा उजेड भिंगांतून एकवटून अशा एका रुग्णावर सोडला आणि गुण आला. पुढच्याच वर्षी त्याची संस्था उभी राहिली. तिथं एकेका रुग्णाजवळ परिचारिका बसे आणि पाण्यानं थंड ठेवलेलं भिंग तासभर जखमेवर दाबून धरी. पहिल्या काही वर्षांतच 800 वर रुग्णांवर उपचार झाले आणि त्यातले बहुतेक बरे झाले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची. तिनं 1900 मध्ये हा दिवा लंडनच्या इस्पितळाला दिला.

फिन्सेन स्वतः मात्र खंगत चालला होता. पोटातलं पाणी वारंवार काढावं लागे, पुढे चाकांची खुर्ची आली. पत्नी इंगेबोर्ग आणि लहान मुलं सोबतीला. 1903 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, पण ते घ्यायला जाण्याइतकीही ताकद नव्हती. बक्षिसाचा मोठा भाग त्यानं रुग्णांसाठीच देऊन टाकला. 24 सप्टेंबर 1904 रोजी तो गेला, अवघ्या 43 व्या वर्षी. दुसऱ्यांना उजेड देणाऱ्याला स्वतःच्या आजारावर औषध सापडलं नाही.

आता क्षयावर गोळ्या आहेत, पण कोडासाठी आणि सोरायसिससाठी उजेडाचा उपचार आजही चालतो. एक गंमत सांगते. परदेशात गोऱ्या बायका सावळं दिसायला पैसे मोजून अशाच दिव्यांच्या पलंगावर झोपतात आणि आपण गोरं व्हायला क्रीम फासतो. हौसेच्या त्या पलंगांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2009 मध्येच जाहीर केलंय. दिवा औषध म्हणून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजूनच घ्यायचा.

माझे डाग अजून तसेच आहेत. गुण यायला महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. येत्या रविवारी लेकीला बघायला पाहुणे येणार आहेत. चहा ती नेईल, पोह्यांच्या बशा मी देणार आहे. ब्लाऊज शिवून आलाय. या वेळी बाह्या कोपरापर्यंतच ठेवायला सांगितल्या.