प्रयोगशाळेतील वीज

इ. स. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एक तरुण बोटीतून उतरला. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, खिसा रिकामा. असा दुबळा मनुष्य देशात घेऊन काय करावयाचे, असा प्रश्न तेथील अधिकाऱ्यांना पडला आणि ते त्याला परत पाठविण्याच्या बेतात होते. सोबतच्या मित्राने त्याची हमी घेतली, म्हणूनच तो राहू शकला. विद्युत्‌शास्त्राचे प्रकांड पंडित चार्ल्स स्टाइनमेट्झ ते हेच.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातील ब्रेस्लाव शहरी झाला. कुबडाचा वारसा वडिलांकडून आलेला. पण गणितातील गती मात्र स्वतःची. समाजवादी वृत्तपत्रात लिहिल्यामुळे सरकारचा रोष ओढवला आणि पदवी हाताशी आली असताना १८८८ मध्ये त्यांना देशत्याग करावा लागला.

अमेरिकेत स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी उर्वरित आयुष्य वेचले. १९२० साली त्यांच्या नदीकाठच्या झोपडीवर वीज कोसळली. आत एका आरशाचा चक्काचूर झाला. दुसऱ्या कोणी ते तुकडे केरात टाकले असते. स्टाइनमेट्झ यांनी ते वेचून जसेच्या तसे जुळविले आणि वीज कोणत्या वाटेने गेली ते न्याहाळले!

विजेमुळे तारा व यंत्रे जळत. त्यांच्या रक्षणाची साधने पारखावयाची तर वीज हवी. पण आकाशातील वीज बोलावल्याने थोडीच येते? थेंबाथेंबाने रांजण भरावा आणि एकदम उलथावा, तसे त्यांनी केले. काचेच्या तक्त्यांत विद्युत्‌भार हळूहळू साठविला आणि क्षणार्धात मोकळा केला. १९२२ मध्ये १,२०,००० व्होल्टांची ती वीज कडाडली आणि लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या. आकाशातील विजेपुढे ती धाकुटीच. परंतु मनुष्याच्या हुकमतीतली होती. एडिसनही ती पाहण्यास आले.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी स्टाइनमेट्झ निवर्तले. तेव्हा विमानविद्या बाल्यावस्थेत होती. पुढे ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधील एल्कटनजवळ एका प्रवासी विमानावर वीज पडली, टाकीतील इंधनाने पेट घेतला आणि ८१ जण प्राणास मुकले. त्यानंतर विमानांची पारख अधिक कसोशीने होऊ लागली. आता विमानाचे भाग प्रयोगशाळेत नेऊन त्यांवर २,००,००० अँपिअरपर्यंत प्रवाह सोडतात. इंधनाच्या टाकीच्या आत, काळोखात, कॅमेरा लावलेला असतो. एक बारीकशी ठिणगी दिसली, तरी तो भाग नापास होतो.