घरच्या गॅरेजात जोडायची स्पोर्ट्स कार विकणारे कॉलिन चॅपमन

लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा जन्म १९२८ चा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या चॅपमन यांनी १९४८ मध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली, तीही मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात. वजन घटवणं हा त्यांचा ध्यास. १९६२ च्या एलानला म्हणूनच फायबरग्लासची हलकी बॉडी होती, खाली पोलादी चासी. तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर नाही. मग लोक भाग आणून घरीच गाडी जोडत! १९८२ मध्ये ५४ व्या वर्षी चॅपमन यांचं हृदयविकाराने निधन झालं.

आज एलान घरी दुरुस्त करणाऱ्यांना हीच रचना नडते. फायबरग्लास गंजत नाही, चासी मात्र गंजते. वरून गाडी चकचकीत दिसते. आतला गंज पुरता कळायला अख्खी बॉडी उचलावी लागते.