पापाचे मूळ शोधणारा नीत्शे

जर्मनीतील रोकन या लहानशा खेड्यात 15 ऑक्टोबर 1844 रोजी एका प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव फ्रीडरिश नीत्शे. त्याचे दोन्हीकडचे आजोबाही धर्मगुरूच होते. ज्याने पुढे ख्रिस्ती धर्मावर सर्वांत कठोर घाव घातले, तो चर्चच्या अंगणातच वाढला, हे आपण आधी ध्यानात घ्यावे.

तो पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा, 1849 साली, वडील मेंदूच्या आजाराने गेले. पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ गेला. आई मुलांना घेऊन नाउम्बुर्ग शहरी आली. मुलगा बुद्धिमान, देवभीरू. तो धर्मगुरू होणार असे सर्वांनी धरून चालले होते. 1864 साली तो बॉनच्या विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला गेला. पण वर्ष उलटण्याच्या आतच श्रद्धा गळून पडली. 1865 च्या ईस्टरला घरी आला तेव्हा त्याने चर्चमध्ये प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. आई रडली. घरातला देव्हारा उतरवताना ज्यांच्या आया रडल्या, त्यांना हा प्रसंग अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

धर्मशास्त्र सोडून तो प्राचीन भाषांकडे वळला आणि 1869 साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठात प्राध्यापक झाला. मात्र शरीराने साथ दिली नाही. डोके फुटेल अशा वेदना, उलट्या, अधू डोळे. 1879 साली त्याने नोकरी सोडली. पुढची दहा वर्षे तो तुटपुंज्या पेन्शनवर डोंगरात आणि समुद्रकाठी भाड्याच्या खोल्यांतून राहिला, मैलोन् मैल चालला आणि लिहीत राहिला.

देह हा त्याच्या विचाराचा केंद्रबिंदू झाला यात नवल नाही. ख्रिस्ती पंडित सेंट ऑगस्टीन याने शिकवले होते की आदमचे पाप जन्माबरोबरच प्रत्येक मुलाला चिकटते आणि देहाची वासना ही त्याचीच खूण आहे. सतराव्या शतकात देकार्तने नव्या तत्त्वज्ञानाचा पाया घातला, तरी मन वेगळे आणि देह वेगळा ही फाळणी कायम राहिली. 1883 ते 1885 या काळात लिहिलेल्या जरथुष्ट्रावरील ग्रंथात नीत्शेने ही उतरंड उलटी केली. देह हेच मोठे शहाणपण, आणि आपण ज्याला मन म्हणतो ते त्या देहाचे एक छोटे हत्यार, असे त्याने मांडले.

पापाबद्दलचा त्याचा विचार तर प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने ऐकावा असा आहे. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंना ‘शुल्ड’ हा एकच शब्द आहे. 1887 सालच्या ग्रंथात नीत्शेने हा धागा धरला. पूर्वी ज्याला कर्ज फेडता येत नसे, त्याच्या देहाला इजा करून सावकार वसुली करी. हाच व्यवहार पुढे देव आणि माणूस यांच्यात आला, आणि कर्ज एवढे फुगवले की ते कोणालाच फेडता येऊ नये. मग दुःखी माणूस विचारतो, माझ्या दुःखाला कारण कोण? पुरोहित उत्तर देतो, तूच! गावच्या सावकाराची वही ज्यांनी पाहिली आहे आणि मागल्या जन्मीच्या पापामुळे तुम्ही अस्पृश्य जन्मलात असे ज्यांच्या आजोबांना सांगण्यात आले, ते ही वही ओळखतील.

त्याने सत्यालाही सोडले नाही. पापाची कबुली देताना काहीही लपवू नये, या शिकवणीने युरोपची सदसद्विवेकबुद्धी शतकानुशतके घासली गेली. त्याच प्रामाणिकपणाने शेवटी खुद्द देवालाच पुरावा मागितला. नीत्शे पुढे म्हणतो की देव न मानणारा शास्त्रज्ञही सत्यासाठी सर्वस्व देतो, तेव्हा त्याच्याही अंगात जुना भक्त जिवंत असतो.

1888 साली लिहिलेल्या ‘ख्रिस्तविरोधी’ या पुस्तकात (ते 1895 साली छापले गेले) त्याने तथागतांची मोठी स्तुती केली. बौद्ध धम्म पापाशी नव्हे, दुःखाशी लढतो. त्यात प्रार्थना नाही, सक्ती नाही. मोकळी हवा, चालणे, मिताहार यांतून बुद्ध देहाचीही काळजी घेतात, असे त्याने लिहिले. हे वाचून आपली छाती फुगते. पण जरा थांबावे. त्याच पुस्तकात तो मनुस्मृतीचेही गोडवे गातो! मनू त्याने जाकोलियो नावाच्या फ्रेंच लेखकाच्या सदोष भाषांतरातून वाचला होता. चांडाळाला स्वच्छ पाणी नाही, अंगावर प्रेताची वस्त्रे, हे नियम त्याला ठाऊक होते. ते भयंकर आहेत हेही त्याला दिसले होते, तरी वरच्या वर्गाचे बळ राखणारी व्यवस्था म्हणून त्याने मनूला मान दिला. बुद्ध त्याला आवडले त्यालाही एक कारण होते. हा वरच्या, सुशिक्षित वर्गाचा धर्म आहे असे तो समजला. नापित उपाली शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात आला, झाडलोट करणारा सुनीत भिक्खू झाला, हे त्याने हिशेबात घेतले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक हेरले होते. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील त्यांच्या लेखनात (ते 1987 साली शासनाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले) नीत्शेचा जरथुष्ट्र म्हणजे मनुस्मृतीचीच नवी आवृत्ती, असे त्यांनी दाखवले. पण न्यायबुद्धी सोडली नाही. नीत्शेचा श्रेष्ठ पुरुष निदान गुणांनी श्रेष्ठ ठरतो, मनूचा मात्र गुण गेले तरी जन्माने श्रेष्ठच राहतो, हा फरकही त्यांनी नोंदवला.

जानेवारी 1889 मध्ये इटलीतील तुरीन शहरात नीत्शेची बुद्धी कायमची हरपली. त्याला नाउम्बुर्गला आणण्यात आले. चर्चला जाणाऱ्या त्या भाविक आईने 1897 साली आपला मृत्यू होईपर्यंत या देव नाकारणाऱ्या मुलाचा देह सांभाळला. नंतर बहिणीने त्याला वायमारला नेले. 25 ऑगस्ट 1900 रोजी तो तेथे वारला. त्याला रोकनच्या चर्चशेजारी, वडिलांच्या बाजूला पुरले आहे.