खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे

पावसाळा आला की आपल्या वडोदऱ्यात घरोघरी दोन आकड्यांची चौकशी होते. आजव्याची पातळी किती, आणि काळ्या घोड्यापाशी विश्वामित्री किती. आजवा २११ फुटांवर गेला की ६२ दरवाजांची चर्चा सुरू होते आणि नदी २६ फुटांवर गेली की सामान माळ्यावर चढवण्याची. ऑगस्ट २०२४ नंतर तर हे कुणाला समजावून सांगायला नको. धरणाचा दरवाजा कधी आणि किती उघडावा, या प्रश्नाला हात घालणारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती १५ सप्टेंबरला, म्हणजे पुष्कळदा गणपतीच्या दिवसांतच येते.

म्हैसूरचे दिवाण म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण इंजिनियर म्हणून ते घडले आपल्या मुलखात. जन्म मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या करून बंगळूरला बी. ए. केले. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ साली इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला नेमणूक झाली. मग धुळे, सिंधमधले सक्कर, सुरत आणि पुन्हा पुणे. बदल्यांची ही यादी आम्हा सरकारी नोकरांना ओळखीची वाटेल.

पुण्यात त्यांच्यापुढे खडकवासल्याचे धरण होते. शहराला, छावणीला आणि कालव्याला पाणी पुरत नव्हते, आणि दर पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहून जात होते. भिंत उंच करायची तर खर्च मोठा, शिवाय जुन्या बांधकामावर भार वाढणार. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. १९०३ च्या सुमारास सांडव्यावर दरवाजे बसवून त्यांनी पाणी सुमारे आठ फूट जास्त अडवले. दरवाजांना तोल साधणारी वजने होती. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पातळी उतरली की आपोआप मिटत. रात्री-अपरात्री पुरात माणसाने जाऊन चाक फिरवायची गरज उरली नाही. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत केलेल्या कामाची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

इथे पाणी दरवाजाला हलवते आणि हललेला दरवाजा पाण्याचा प्रवाह बदलतो. ऐकायला सोपे, पण हिशेबाला अवघड. धरण उंच असेल तर आणखी एक संकट येते. अरुंद फटीतून पाणी वेगाने सुटले की त्याचा दाब उतरतो. फार उतरला तर थंड पाणीच जागच्या जागी उकळल्यासारखे होऊन वाफेचे बुडबुडे धरते. हे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की फुटतात, आणि प्रत्येक फुटणे म्हणजे बारीक हातोडीचा घाव. पोलाद खरवडले जाते, काँक्रीटला खड्डे पडतात. आठ फूट पाण्याला एवढा वेग येत नाही, म्हणून खडकवासल्याला ही भीती नव्हती. सरदार सरोवरासारख्या उंच धरणाच्या आखणीत मात्र ती धरावीच लागते.

योगायोग असा की १९१६ साली मुंबई इलाख्याने सुरू केलेली, आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था खडकवासल्यालाच आहे. तिथे धरणांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडून पाहतात. पण प्रतिकृती लहान केली तरी हवेचा दाब लहान होत नाही, त्यामुळे उघड्यावरच्या प्रतिकृतीत ते बुडबुडे दिसतच नाहीत. एक तर बंद टाकीत हवेचा दाब मुद्दाम उतरवावा लागतो, नाही तर वेग आणि दाब मोजून गणिताने धोका काढावा लागतो. आता त्यासाठी संगणकही मदतीला आहे. विश्वेश्वरय्यांच्या हाताशी कागद, पेन्सिल आणि नदीकाठचे निरीक्षण एवढेच होते.

मुंबई इलाख्यात वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या. १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, आणि शहराच्या वर पाणी अडवण्याची योजना त्यांनी आखली. विश्वामित्रीकाठच्या माणसाने ती योजना एकदा तरी समजून घ्यावी. मग म्हैसूर, १९११ पासून कृष्णराजसागर, १९१२ ते १९१८ दिवाणगिरी, १९५५ साली भारतरत्न. हे सर्वांना माहीत आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. ज्यांचे नातेवाईक तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांत राहत होते, त्यांच्या घरी ती आठवण अजून निघते. विश्वेश्वरय्या त्या दिवशी हयात होते, शंभरीच्या घरात. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. खडकवासला पुन्हा बांधले गेले, आणि पुण्याला आजही तिथूनच पाणी जाते.